छात्राध्यापिकेला गुण देताना

शाळेची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात बाहेर पडलेल्यांची मोजदाद असते. कोण तहसीलदार झाला, कोणाची मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात लागली, दहावीचा निकाल कोणत्या वर्षी किती टक्के लागला, वसतिगृहाची नवी खोली कोणाच्या देणगीतून उभी राहिली. ही मोजदाद व्हायलाच हवी. ज्या समाजाच्या मागल्या पिढ्यांची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नव्हती, त्या समाजाने आपल्या लेकरांची नावे छापील पानावर पाहून सुखावणे यात गैर काहीच नाही. आम्ही मात्र येथे आवारातील सर्वांत लहान वर्गाविषयी लिहिणार आहोत. आणि त्या वर्गात दरवर्षी काही आठवडे येऊन जाणाऱ्या, कोणत्याही स्मरणिकेत ज्यांचे नाव येत नाही अशा मुलींविषयी.

दिवाळीची सुटी संपली की अध्यापक विद्यालयाच्या मुली सरावासाठी येतात. काखेत तक्त्यांची सुरळी, हातात टाचणवही, पिशवीत कापडी बाहुली आणि रंगीत कागद. पूर्वी डी.एड.ला याला छात्रसेवाकाल म्हणत. आता आंतरवासिता म्हणतात. काहींना बालवर्ग मिळतो, काहींना पहिली-दुसरी. कोणी राळेगावकडच्या, कोणी घाटंजीच्या, कोणी झरी-जामणीच्या आडगावातून आलेल्या. बौद्ध, बंजारा, कोलाम, गोंड, कुणबी, तेली, अशा सर्वच घरांतल्या. बहुतेकींच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली ही पहिलीच व्यक्ती. गेल्या काही वर्षांत आम्ही अशा अनेकींच्या वर्गात मागे बसलो, त्यांच्या वह्यांवर शेरे लिहिले, त्यांना गुण दिले. त्या अनुभवातून झालेले मत येथे मांडावे, असे वाटते.

शाळांमध्ये या मुलींचे स्वागत कसे होते, हे शिक्षक असलेल्या माजी विद्यार्थ्यांना आम्ही सांगायला नको. ‘पोरी आल्या, आता वर्ग त्यांच्याकडे’ म्हणून वर्गशिक्षक शिष्यवृत्तीचे अर्ज आणि ऑनलाइन माहिती भरण्यास मोकळे होतात. शेवटच्या आठवड्यात छापील रकान्यांचा तक्ता येतो. तो एका बैठकीत, चहाच्या कपाशेजारी भरला जातो. सर्वांना जवळजवळ सारखेच गुण मिळतात. फार तर जिचे अक्षर वळणदार तिला दोन अधिक. मुख्याध्यापकांची सही, शाळेचा शिक्का, आणि एक शिक्षिका तयार झाली.

ती पुढे कोठे जाते? शिक्षकभरती रखडली तशी आपल्याकडची अध्यापक विद्यालये ओस पडत गेली. ज्या मुली अजूनही हे शिक्षण पुरे करतात त्यांतल्या थोड्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोहोचतात. काही अंगणवाडीत जातात. पुष्कळशा तालुक्याच्या गावी गल्लोगल्ली निघालेल्या कॉन्व्हेंटांत तुटपुंज्या पगारावर उभ्या राहतात. कोठेही गेली तरी पहिल्या दिवसापासून ती पंचवीस-तीस लेकरांसमोर एकटी असते. तिच्या वर्गात मागे बसून, तिच्याकडे आणि तिच्या लेकरांकडे तासभर पाहणारे माणूस तिला पुन्हा मिळत नाही. तिच्या आयुष्यातले असे हेच काही आठवडे असतात, आणि ते आपण शिक्षकांनी चहाच्या कपाशेजारी संपवायचे, हे आम्हांला मान्य नाही.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून एक गोष्ट आम्ही येथे आठवून देऊ इच्छितो. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे स्मरण आपण पहिल्या शिक्षिका म्हणून करतो, शेणगोळे झेलणारी माउली म्हणून करतो. पण त्या प्रशिक्षित शिक्षिका होत्या, हे आपल्या भाषणांत क्वचितच येते. अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. मनात कळकळ आहे तेवढ्यावर शिकवता येते, असे त्या दांपत्याने मानले नाही. जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, ते याच दृष्टीने वाचण्याजोगे आहे. प्राथमिक शाळांतील बहुसंख्य शिक्षक अप्रशिक्षित आहेत, त्यांचे वेतन अत्यल्प आहे, आणि शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, ज्यांना नांगराची मूठ धरण्याची लाज वाटणार नाही, हे त्यांनी सांगितलेच. त्याच निवेदनात त्यांनी शाळा-तपासणीवरही बोट ठेवले. वर्षातून एकदा येणाऱ्या अधिकाऱ्याच्या भेटीने काही साधत नाही. तपासणी निदान तिमाही हवी. आणि अधूनमधून पूर्वसूचना न देता जावे. गावच्या अंमलदारांकडून हे होणार नाही, कारण त्यांच्यामागे दहा कामे असतात आणि त्यांची परीक्षा वरवरचीच होते, असेही त्यांनी बजावले. निकाल पाहून अनुदान देण्याची जी पद्धत तेव्हा होती, ती गरीब आणि शिक्षणाची गोडी अजून न लागलेल्या लोकांच्या उपयोगाची नाही, हे त्यांचे मतही तेथे नोंदलेले आहे. शिक्षकाचे काम कोणी, केव्हा आणि कसे पाहावे, या प्रश्नावर महाराष्ट्रात इतक्या बारकाईने विचार झाला त्याला आता एकशे चाळीस वर्षे होऊन गेली. आमच्याकडे तक्ता मात्र अजून वर्षातून एकदाच भरला जातो.

दुसरी नोंद १९२७ ची. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणावरील खर्चाची चर्चा चालू असताना बाबासाहेबांनी दाखवून दिले, की प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अवघी अठरा पोहोचतात. उरलेली पुन्हा निरक्षरतेत जातात. आज आकडे बदलले आहेत, नावे पटावर टिकतात. पण लेकरू शाळेतून मनाने कोणत्या वयात उठून जाते, हे ज्यांनी पहिलीचा वर्ग पाहिला आहे त्यांना विचारावे. ते चौथीत जात नाही. ते फार आधी, बहुधा पहिल्या काही महिन्यांतच जाते. शरीराने तेवढे बसून राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला, ते या अनुभवाला धरूनच आहे.

आणि घटनेचे काय? मूळ अनुच्छेद ४५ मध्ये ‘सर्व बालकांना’ चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोफत व सक्तीच्या शिक्षणाची तरतूद होती. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ही तरतूद केवळ प्राथमिक शिक्षणापुरती ठेवावी अशी सूचना आली, तेव्हा बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवायचे नसेल तर तोपर्यंत ते शिक्षणसंस्थेतच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयासाठी मूलभूत हक्क आला, त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण सहा वर्षांखालचे लेकरू त्या हक्काच्या उंबरठ्याबाहेर राहिले आणि त्याच्या वाट्याला ‘राज्य प्रयत्नशील राहील’ एवढेच आले. ज्याला हक्क नाही त्याच्या शिक्षिकेचे मूल्यमापनही कोणी गंभीरपणे घेत नाही, हे ओघाने आलेच.

आता त्या छापील तक्त्याकडे वळू. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, शैक्षणिक साधनांचा वापर, वर्गनियंत्रण, समारोप. हे रकाने कोठून आले, हे अध्यापक विद्यालयात शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हर्बार्टच्या नावाने चालणाऱ्या पंचपदीचे हे उरलेसुरले अवशेष. मोठ्या मुलांना इतिहासाचा पाठ देताना आम्हांलाही त्या पायऱ्यांचा उपयोग झाला आहे. पण चार वर्षांच्या लेकराला प्रस्तावना नसते. ते सकाळी कोणत्या मनःस्थितीत घरून निघाले, तीच त्याची प्रस्तावना.

बाबासाहेबांनी आपल्या बालपणाविषयी जे लिहून ठेवले आहे, त्यातला साताऱ्याच्या शाळेचा भाग सर्वांना माहीत आहे. घरून आणलेले गोणपाट अंथरून वेगळे बसायचे; तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी; शिपाई नसेल तर पाणी नाही. आम्ही छात्राध्यापिकांना पहिल्या दिवशी एक कल्पना करायला सांगतो. त्या वर्गाच्या दाराशी आजचा हा तक्ता घेऊन एखादा निरीक्षक उभा आहे. शिक्षकांचे अक्षर सुबक असेल, आवाज खणखणीत असेल, प्रश्न नेमके असतील. वर्गनियंत्रण तर उत्तम; गोणपाटावरचा मुलगा किती शांत बसला आहे पाहा! निरीक्षक शंभरापैकी नव्वद गुण देऊन निघून जाईल. त्या मुलासाठी तक्त्यात एकही रकाना नाही.

म्हणून आम्ही तक्ता बाजूला ठेवून प्रथम एका साध्या कागदावर टिपून घेतो. तासाभरात या मुलीने कोणाकोणाला नावाने हाक मारली? कोण बोलले, आणि कोणाच्या तोंडून पूर्ण तासात शब्द निघाला नाही? कोण भिंतीला टेकून बसले होते? खिचडी वाढताना रांगेत कोण नेहमी शेवटी राहते, आणि ते तिच्या ध्यानात आले का? हा कागद तास संपल्यावर आम्ही तिलाच देतो. गुण त्यावर नसतात. आठवड्यानंतर तोच कागद तिने आपल्या सोबतिणीच्या वर्गात बसून भरायचा असतो. पाहण्याची सवय अशीच लागते. व्याख्यानाने लागत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात या पाहण्याला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. पोडावरचे कोलाम लेकरू कोलामी बोलते. ती द्रविड कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. गोंडीचेही तसेच. तांड्यावरचे लेकरू गोरमाटीत आपल्या याडीला हाक मारते. आणि उरलेली आमची सगळी वऱ्हाडी. एका छात्राध्यापिकेचा भाज्यांचा पाठ चालू होता. तिने टोमॅटोचे चित्र वर धरताच अर्धा वर्ग आनंदाने ओरडला, ‘भेदरं!’ ती म्हणाली, ‘चूक. टोमॅटो म्हणा.’ मुलांनी म्हटले. पण त्यानंतरच्या चित्रांना उत्तरे देणारे आवाज निम्म्यावर आले. टाचणवहीनुसार पाठ यशस्वी होता. गंमत अशी, की ती मुलगी स्वतः घरी भेदरंच म्हणते. तिला ते अध्यापक विद्यालयात विसरायला शिकवले होते. आम्ही तिला एवढेच विचारले, की दुसऱ्या चित्रानंतर वर्ग गप्प का झाला. तिने रात्रभर विचार केला असावा. दोन दिवसांनी तिने तीच चित्रे पुन्हा आणली आणि प्रत्येक चित्राला घरी काय म्हणतात ते मुलांकडून काढून घेतले. एका भाजीची तीन-तीन नावे निघाली. तांड्यावरचा एक मुलगा, जो तोवर बोललाच नव्हता, तो उठून पुढे आला. असा पाठ तक्त्यात कोठे बसवायचा?

तक्त्याशी आमचा उघड वादही एकदा झाला आहे. जूनच्या अखेरीस, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असताना, एका मुलीचा ‘रंगांची ओळख’ हा पाठ होता. बालवर्गात तीन दिवसांपूर्वी आलेली एक लहानगी दाराशी उभी राहून आईसाठी रडत होती. छात्राध्यापिकेने थोडा वेळ पाठ रेटला. मग तक्ता भिंतीला टेकवला, इतर मुलांना चिंचोके आणि बाटलीची झाकणे खेळायला दिली आणि ती त्या लहानगीजवळ उंबरठ्यावर जाऊन बसली. वीस मिनिटे बसली. नंतर दोघी आत आल्या, आणि ती लहानगी लाल झाकणे वेगळी करू लागली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ‘उद्दिष्टपूर्ती झाली नाही’ असा शेरा मारून दहापैकी चार गुण दिले. आम्ही नऊ दिले, आणि कारण तक्त्याच्या पाठीमागे नऊ ओळींत लिहिले. परीक्षक सज्जन गृहस्थ होते. त्यांनी ते वाचले आणि म्हणाले, ‘गुरुजी, तुमचे खरे आहे, पण याला रकाना नाही.’ शेवटी सात ठरले. सात का ठरले, हे कोणीच सांगू शकणार नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की आम्ही या मुलींना सढळ हाताने गुण द्यावेत असे सांगत आहोत. तसे नाही, उलट, आमचा खरा मुद्दा येथूनच सुरू होतो, आणि तो आपल्या माणसांना कदाचित रुचणार नाही.

आपल्या संस्थांमध्ये, म्हणजे फुले-आंबेडकरी विचारांच्या माणसांनी काढलेल्या संस्थांमध्ये, गुण देताना एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘जाऊ द्या सर, आपलीच लेक आहे.’ या वाक्याला इतिहास आहे. एके काळी, आणि कोठे कोठे आजही, ‘भाषाशुद्धता’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ या रकान्यांत आपल्या मुलींचे गुण कापले जात. जिच्या तोंडी ‘कायले’ आणि ‘मले’ आले तिला कमी. जिची साडी इस्त्रीची नाही तिला कमी. तोंडी परीक्षेत आडनाव ऐकून चेहरा बदलणारे परीक्षक ज्यांनी पाहिले, ते पुढे स्वतः परीक्षक झाले तेव्हा त्यांनी हात सैल सोडला. ते समजण्यासारखे आहे. बाप मजूर, आई वेचणीला जाते, एस.टी.च्या पासचे पैसे जमवून मुलगी येथवर आली, आणि तुम्ही तिला नापास करणार? आमच्याजवळ या प्रश्नाचे सोपे उत्तर नाही.

पण वर्गात बसलेले लेकरूही आपलेच आहे. तेही वेचणीला गेलेल्या आईचेच आहे. शहरातल्या श्रीमंताच्या मुलाला शिक्षिका वाईट मिळाली तर घरी पुस्तके आहेत, शिकवणी आहे, शिकलेली आजी आहे. पोडावरच्या, तांड्यावरच्या, बुद्धविहारामागच्या वस्तीतल्या लेकराला शिक्षिका हीच सगळी पुंजी. जी मुलगी तीन वर्षांच्या लेकरावर खेकसते, ज्याच्या नाकाला शेंबूड आहे त्याला दूर बसवते, आणि चाळीस दिवस सांगूनही ज्यांची नावे शिकत नाही, तिला दयेपोटी दिलेले ऐंशी गुण पुढची तीस वर्षे त्या लेकरांच्या खात्यातून वळते होत राहतात. ही दया आपण दुसऱ्याच्या पैशाने करतो. आणि खरे सांगायचे तर सर्वांना सारखे गुण देण्यात त्या मुलीचाही अपमानच असतो. तिचे काम कोणी पाहिलेच नाही, असा त्याचा अर्थ होतो. मेहनत घेणाऱ्या मुलीला हे बरोबर कळते.

मग करायचे काय? शेवटच्या दिवशी कडक होणे हे उत्तर नव्हे; ते तर अन्यायाचे जुनेच रूप. जी उणीव दुसऱ्या आठवड्यात दिसली ती दुसऱ्या आठवड्यातच, तारीख घालून, तिच्या वहीत लिहिली गेली पाहिजे, आणि तिच्यासमोर बसून बोलली गेली पाहिजे. मध्यावर पोहोचल्यावर तिला स्पष्ट सांगावे, की आज संपले तर तू उत्तीर्ण होणार नाहीस, आणि अमुक एक गोष्ट साधलीस तर होशील. शेवटच्या गुणांत तिला काहीही अनपेक्षित असता कामा नये. आणि तरीही जमले नाही तर तिला आणखी काही आठवडे त्याच वर्गात थांबता आले पाहिजे, तेही वर्ष आणि शुल्क वाया न जाता. आज तशी सोय नाही. उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढ्या दोनच वाटा असल्यामुळेच परीक्षकाचा हात दयेकडे झुकतो. वाट तिसरी हवी, आणि ती महाविद्यालयांनी आणि प्रशिक्षण संस्थांनी काढून द्यावी.

विनयपिटकातील महावग्गात नवदीक्षित भिक्खूने उपाध्यायाच्या किंवा आचार्याच्या आश्रयाने राहण्याची जी व्यवस्था आहे, ती याबाबत विचार करण्याजोगी आहे. आचार्याजवळ राहणारा तो अन्तेवासी; आमच्या ‘आंतरवासिता’ या सरकारी शब्दाच्या कानाजवळचाच शब्द. हा आश्रय निदान पाच वर्षांचा. उपाध्याय होण्यासाठी भिक्खूची दहा वर्षे पूर्ण झालेली हवीत, आणि नुसती वर्षे पुरेशी नाहीत, तो समर्थही हवा. शिष्याने गुरूची सेवा करायची तशीच गुरूने शिष्याच्या आजारपणात त्याची करायची. आणि गुरूच्या मनात शंका, अरुची निर्माण झाली तर ती दूर करण्याचे कर्तव्य शिष्यावरही सोपवले आहे. वीस आठवड्यांची आंतरवासिता सांगणारी बी.एड.ची २०१४ ची नियमावली आम्ही वाचली आहे, आणि तिच्या हेतूंविषयी आमची तक्रार नाही. पण मार्गदर्शक कोणाला म्हणावे, या प्रश्नाला त्या प्राचीन संघाने जेवढे महत्त्व दिले तेवढे आपण दिले नाही. आपल्याकडे जो रिकामा तास असलेला शिक्षक तोच मार्गदर्शक.

बालवयाच्या बाबतीत तर योग्य मार्गदर्शक डोळ्यांसमोर असून आपल्याला दिसत नाही. ती म्हणजे अंगणवाडी सेविका. वीस-पंचवीस वर्षे एकाच वस्तीत काढलेली, कोणते लेकरू कोणाचे, कोण उपाशी येते, कोणाच्या घरी दारू आहे, कोणाला ऐकू कमी येते, हे सारे जाणणारी. छात्राध्यापिका तिच्याकडे पाठवल्या जातात तेव्हा सेविकेचे काम काय, तर हजेरीवर सही. गुण देण्याचा अधिकार तिला नाही, कारण तिची पदवी नाही. आणि तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन.

‘अंगणवाडी’ हा शब्दच कोठून आला, हे विसरल्याचा हा परिणाम. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला, आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, बालशिक्षणाचे काम केले. जी मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती त्यांच्या वस्तीच्या अंगणात त्यांनी बालवाडी नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. त्यांच्या कार्यकर्त्या तयार झाल्या त्या याच अंगणांत. बिया, खडे, शिंपले, पाने हीच त्यांची साधने. महागडी माँटेसरी साधने गरिबाच्या अंगणात परवडणार नाहीत, हे ताराबाईंनी ओळखले होते. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, त्यांत आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील धारणीचा प्रकल्प होता. म्हणजे ही योजना आपल्या भागाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्यातून कुपोषणावर जे काम झाले ते मोठे आहे. परंतु हळूहळू सेविकेचे मूल्यमापन तिच्या नोंदवह्यांवरून होऊ लागले. वजन, उंची, लसीकरण, आहारवाटप, आणि आता मोबाइलमधली माहिती. लेकरांशी ती कशी बोलते, हे पाहायला कोणी येत नाही.

नव्या धोरणात सेविकांसाठी बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका सांगितली आहे. हे शिक्षण मुख्यतः दूरस्थ, स्मार्टफोन आणि दूरचित्रवाणीद्वारे व्हायचे. महिन्यातून निदान एक संपर्कवर्ग केंद्रपातळीवर भरायचा, आणि त्यात सतत मूल्यमापन व्हायचे. हेतू चांगला आहे. पण केंद्रशाळेत सतरंजीवर बसलेल्या सेविकेचे मूल्यमापन म्हणजे पोहणाऱ्याची परीक्षा काठावर घेण्यासारखे. मूल्यमापन करणाऱ्याने तिच्या अंगणात जायला हवे. झरी-जामणीतल्या ज्या पोडावर फोनला रेंज मिळवण्यासाठी टेकाड चढावे लागते, तेथे तर हे अधिकच.

आमच्या संस्थेची या कामात एक जमेची बाजू आहे, ती म्हणजे शाळा निवासी आहे. वेचणीच्या दिवसांत गावोगावचे वर्ग निम्मे रिकामे होतात. छात्राध्यापिका उरलेल्या निम्म्यांना पाठ देऊन जाते आणि रिकाम्या जागांविषयी तिला कोणी विचारत नाही. आपल्याकडे मुले राहतात. सायंकाळच्या वंदनेनंतर, जेवणाच्या पंगतीत, रात्री झोपताना आईची आठवण येते तेव्हा, लेकरू कसे असते हे येथे पाहता येते. दिवसा वर्गात मख्ख बसणारी मुलगी संध्याकाळी हौदाजवळ दहा जणींना खेळवताना दिसते. ज्या छात्राध्यापिकेने हे पाहिले, ती दुसऱ्या दिवशी त्या मुलीला ‘मंद’ म्हणणार नाही. म्हणून सरावाच्या काळात या मुलींनी सकाळी अकरा ते पाच येऊन जाण्याऐवजी वसतिगृहातच राहावे, असे आम्ही व्यवस्थापन समितीला सुचवले आहे. मुलींच्या वसतिगृहाच्या उत्तरेकडील दोन खोल्या त्यासाठी मिळू शकतात. सहा जणींची सोय होईल. गाद्या आहेत, पंखे आणि एक कपाट लागेल. भोजनाचा खर्च संस्थेच्या अनुदानात बसणार नाही, तो वेगळा उभा करावा लागेल.

माजी विद्यार्थी संघाने या वर्षी प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी निधी जमवण्याचे ठरवले आहे. कमानीला आमचा विरोध नाही. पण ती एक वर्ष थांबू शकते, असे आमचे मत आहे आणि ते आम्ही संघाच्या बैठकीतही मांडू. शिवाय आपल्या माजी विद्यार्थ्यांत जिल्हा परिषद शाळांतील शिक्षक आहेत, काही भगिनी अंगणवाडी सेविका आणि पर्यवेक्षिका आहेत. ज्यांची लहान मुलांसोबत दहा वर्षे पूर्ण झाली आहेत, त्यांनी महिन्यातले दोन दिवस, सुटीचे नव्हे तर कामाचे, या मुलींच्या वर्गात मागे बसण्यासाठी द्यावेत. वरिष्ठांच्या परवानगीचे पत्र संस्था देईल. पालकांनीही यावे; आपल्या लेकराशी ही नवी बाई कशी बोलते, हे आईइतके चटकन कोणाला कळत नाही, आणि तिचे मत ऐकून वहीत लिहून घेण्याची तयारी आम्ही ठेवली आहे. पुढची तुकडी दिवाळीनंतर येईल. नावे कार्यालयात, निरीक्षणवहीच्या पहिल्या पानावर नोंदवावीत.